सुरगाठ आणि निरगाठ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला आयुष्यातली पहिली गाठ शिकवली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. याच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, आज जिथे संगणक आहेत तिथे, पोथ्यांचे कपाट होते. पावसाळा सरला की पोथ्या अंगणात काढायच्या, त्यांना ऊन दाखवायचे आणि पुन्हा लाल बासनात बांधून ठेवायच्या, असा गुरुजींचा नेम होता. आम्ही चार-पाच मुले मदतीला असू. मी एका पोथीला माझ्या सगळ्या ताकदीनिशी गाठ मारली, शेवटी दात लावून आवळली. गुरुजींनी ती बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "बाळ, ही निरगाठ झाली. पोथी वाचण्यासाठी असते. तिला सुरगाठ मार. आत कसर जाणार नाही इतकी घट्ट, आणि वाचणाऱ्याने टोक ओढले की सुटेल इतकी शहाणी."

पुढे मी सर्जन झाले. अडतीस वर्षे या तालुक्यात शस्त्रक्रिया केल्या. म्हणजे काय केले? एका हाताने गाठी मारल्या आणि दुसऱ्या हाताने गाठी काढल्या. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, याचे मला कितीतरी वर्षे काहीच वाटले नव्हते. निवृत्त झाल्यावर वाटू लागले. म्हणून आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी एवढेच म्हटले : गाठ.

आता हा शब्दच हातात घेऊन पाहा. दोरीला गाठ पडते आणि माणसांचीही गाठ पडते. मुंबई गाठली म्हणजे मुंबईला पोहोचलो. चोराला गाठले म्हणजे त्याला अडवले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते तेव्हा गाठ म्हणजे योगायोग. 'गाठ माझ्याशी आहे' म्हटले की ती धमकी होते. गाठीला पैसा असतो, गाठीशी अनुभव असतो, गाठोड्यात चार कपडे असतात. मनाशी खूणगाठ बांधतो आणि मनात गाठ धरतोही. पहिलीत निश्चय आहे, दुसरीत राग. पिठल्यात गाठी झाल्या की स्वयंपाक बिघडला. पाडव्याला गुढीवर साखरेच्या गाठी चढल्या की सण साजरा झाला. सुताराचा रंधा गाठीवर अडतो. आणि काखेत गाठ आली म्हटले की घरातला आवाज एकदम खाली जातो.

एका शब्दाने किती ओझे उचलावे? आणि हे ओझे योगायोगाने एका ठिकाणी आले आहे, की त्याच्या मुळाशी काही आहे?

मुळाशी आहे. संस्कृतात ग्रंथि, प्राकृतात गंठि, मराठीत गाठ. आणि ज्या धातूपासून ग्रंथि आला त्याचा अर्थ बांधणे, गुंफणे. त्याच धातूपासून आला ग्रंथ. ताडपत्राला भोक पाडायचे, त्यातून दोरा ओवायचा, वर-खाली लाकडी फळ्या लावायच्या आणि गाठ मारायची. पाने गाठीने एकत्र राहिली तर तो ग्रंथ. गाठ गेली तर नुसती पाने. तेव्हा आपण या क्षणी ज्या ग्रंथालयात बसलो आहोत, ते शब्दाच्या मुळाशी गेले तर गाठींचेच घर आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इतिहासाचा अभ्यासक तिथे जातो तेव्हा सगळ्यात आधी एक गाठ सोडतो, मग मोडी वाचू लागतो.

याच शब्दाला उलटे करणारेही होते. महावीरांच्या अनुयायांचे जुने नाव निर्ग्रंथ, पालीत निगंठ. गाठ नसलेले. उपनिषदांत हृदयाची ग्रंथी सुटण्याची गोष्ट आहे, योगात ब्रह्मग्रंथी, विष्णुग्रंथी, रुद्रग्रंथी अशा तीन गाठी भेदायच्या आहेत. म्हणजे एकीकडे गाठीने ज्ञान टिकते आणि दुसरीकडे गाठ सुटली की ज्ञान होते. आपल्या परंपरेने दोन्ही गोष्टी मनापासून मानल्या. यात मला विसंगती वाटत नाही. गुरुजींनी मला तेच तर सांगितले होते.

माझा पहिला मुद्दा हा, की गाठीत दोरीखेरीज दुसरे काहीही नसते. खिळ्यात लोखंड लागते, डिंकात डिंक लागतो. गाठीला बाहेरचे काही लागत नाही. दोरी स्वतःवरूनच फिरते, स्वतःखालून जाते आणि स्वतःलाच धरून ठेवते. जोर लावला की दोरीचाच दाब दोरीवर येतो, घर्षण वाढते आणि सरकणे थांबते. ओढाल तितकी पक्की. म्हणून माणसांच्या भेटीला 'गाठ पडणे' म्हणणारी आपली भाषा फार अचूक बोलते. दोन माणसे होती तीच राहतात, फक्त त्यांची वाट एकमेकांवरून जाते.

आणि हे ज्ञान मुळात हातांचे आहे. आजच्या रशियात, कारेलियाच्या भागात, 1913 साली एका दलदलीच्या शेतात मासेमारीचे जाळे सापडले. अंत्रेआचे जाळे म्हणून ते प्रसिद्ध आहे. विलो झाडाच्या सालीच्या धाग्यांचे, साधारण साडेदहा हजार वर्षांपूर्वीचे. तिथे अजून शेती आली नव्हती, पण माणूस एकसारख्या अंतरावर शेकडो गाठी मारत होता. आपल्या किनाऱ्यावर होडीच्या सावलीत बसून जाळे दुरुस्त करणारा कोळी बघा. बोलणे एकीकडे, नजर समुद्राकडे आणि बोटे गाठ मारत असतात. जाळ्याच्या विणीत जी गाठ जगभर वापरतात, तिचीच रचना विणकर तुटलेला धागा जोडताना वापरतो. समुद्रावरच्या माणसाने आणि मागावरच्या माणसाने एकच गाठ शोधावी! क्लिफर्ड ॲशले या अमेरिकी माणसाने उभे आयुष्य अशा गाठी गोळा करण्यात घालवले. 1944 साली निघालेल्या त्याच्या ग्रंथात 3,800 हून अधिक नोंदी आहेत. गाठींवरचा ग्रंथ, म्हणजे शब्दशः ग्रंथींचा ग्रंथ. मराठीत असे पुस्तक का नसावे? दावे, कासरा, पोहरा, शीड, पाळणा, मोळी, पडाव, खाट; प्रत्येकाची गाठ वेगळी होती. ती बांधणारे हात आज सत्तरीच्या पुढे आहेत.

आता माझ्या कामाकडे येते, कारण तिथे मी ठामपणे बोलू शकते.

सुश्रुतसंहितेत जखम शिवण्याचे चार प्रकार सांगितले आहेत : वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. ऋजुग्रंथी म्हणजे साधी, सरळ गाठ. एक टाका, एक गाठ, मग पुढचा टाका. मीही आयुष्यभर तेच केले. एक टाका सुटला तरी बाकीचे धरून राहतात, हा तिचा गुण. शिवायला काय वापरायचे तेही तिथे आहे : बारीक सूत, तागाचे धागे, स्नायूंचे तंतू, केस, गुळवेल आणि मूर्वेचे तंतू. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती पट्टी बांधण्याबद्दलची सूचना. पट्टीची गाठ जखमेवर येऊ देऊ नये, कारण ती रुग्णाला टोचते. विद्यार्थी असताना हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. ज्याने हे लिहिले त्याने रुग्णाच्या शेजारी बसून त्याच्या वेदनेकडे पाहिले होते, याची मला खात्री पटली.

सर्जनच्या शिक्षणाची सुरुवात गाठीने होते. वसतिगृहाच्या खुर्चीला, पलंगाच्या दांडीला, ॲप्रनच्या बटणाला आम्ही दोरे बांधत असू. आधी दोन हातांनी, मग एका हाताने, मग न बघता. कारण पोटाच्या आत, रक्तात बुडालेल्या रक्तवाहिनीला गाठ मारायची तेव्हा डोळ्यांना फारसे दिसत नाही. बोटांनाच कळावे लागते. आणि यात एक बारीक गोष्ट आहे. गाठीचा पहिला फेरा उजव्यावर डावा असेल, तर दुसरा डाव्यावर उजवा हवा. तसे झाले तर गाठ सपाट बसते आणि धरते. दोन्ही फेरे एकाच दिशेने झाले तर गाठ वेडीवाकडी होते आणि सरकते. तुमच्या बुटाच्या नाडीचे फूल आडवे बसत असेल तर तुमची गाठ बरोबर आहे. ते बुटाच्या लांबीत उभे राहत असेल तर तुम्ही लहानपणापासून सरकती गाठ मारत आला आहात. बुटाची नाडी सुटली तर आपण वाकून बांधतो. धमनीवरची गाठ सुटली तर?

रेशमाच्या दोऱ्याला तीन फेरे पुरतात. नायलॉन, प्रोलीन हे गुळगुळीत धागे; त्यांना पाच-सहा लागतात. दोरा जितका गुळगुळीत तितकी गाठ अविश्वासू. आणि धागा तुटतो तो बहुधा गाठीजवळ, कारण तिथे तो वाकलेला, दबलेला असतो. जोडणारी जागा हीच सगळ्यात नाजूक जागा, हे मी रोज हातात अनुभवले.

माणूस जन्मतो तेव्हा त्याच्यावर होणारी पहिली क्रिया म्हणजे नाळ बांधणे. आता बहुतेक ठिकाणी चिमटा लावतात, पण शतकानुशतके ती गाठच होती. कधी कधी त्याआधीच नाळेला गाठ पडलेली असते. पोटात फिरता फिरता बाळ नाळेच्या फासातून पार जाते. शंभरातल्या एखाद्या बाळंतपणात अशी खरी गाठ दिसते, बहुधा सैल आणि निरुपद्रवी. आणि शेवटी? शेवटी तिरडीला सुंभाच्या गाठी. मधल्या काळात लग्नाची गाठ. ती स्वर्गात बांधली जाते म्हणतात, पण शेल्याला आणि उपरण्याला इथेच कोणीतरी बाई बांधते. आणि लक्षात घ्या, आपल्या अनेक घरांत काकण सोडण्याचाही विधी आहे. बांधणारी काकण मुद्दाम घट्ट बांधते आणि सोडताना एकाच हाताने सोडायचे असते. बांधण्याइतकाच सोडण्याचाही सोहळा ज्या समाजाने केला, त्याला गाठ कळली होती असे मी म्हणेन.

गाठ आठवणही धरते. माझी आजी पदराच्या टोकाला गाठ मारून बाजाराला जायची. गाठ दिसली की काय आणायचे ते आठवे. निरक्षर बाईची ती वही होती. दक्षिण अमेरिकेतल्या इंका लोकांनी हीच वही एका साम्राज्याएवढी केली. त्यांना लिपी नव्हती, पण किपू होते. एका आडव्या दोरीला लोंबत्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांवर गाठी. गाठीची जागा दशक, शतक, सहस्र सांगे. दहाच्या पटींसाठी साध्या गाठी. एककासाठी अनेक वेढ्यांची लांब गाठ. एक या अंकासाठी आठाच्या आकाराची. आणि शून्य? शून्याच्या जागी काहीच नाही, मोकळी दोरी. लेलंड लॉक या अभ्यासकाने 1912 साली ही दशमान पद्धत उलगडली. किती माणसे, किती मका, किती लोकर, सगळे दोरीवर. ते वाचणारे खास लोक होते. स्पॅनिशांच्या आक्रमणानंतर ती परंपरा मोडली. आकडे आज वाचता येतात. पण आकड्यांपलीकडे त्या दोऱ्यांत ज्या कथा होत्या म्हणतात, त्या बंद आहेत. पोथी समोर आहे, गाठही समोर आहे, आणि तरी ग्रंथ उघडत नाही. ग्रंथालयात उभे राहून हे सांगताना मला दुःख होते.

समुद्रावर गाठीने वेग मोजला जाई, हे आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना सांगायला नको. 'किती नॉट?' असे आपले खलाशीही विचारतात. लाकडाची फळी दोरीला बांधून गलबतामागे सोडायची; दोरीला 47 फूट 3 इंचांवर एकेक गाठ; 28 सेकंदांची वाळूची घटिका; तेवढ्या वेळात हातातून किती गाठी गेल्या ते मोजायचे. एक गाठ म्हणजे तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर. आज उपग्रह वेग सांगतो, एकक मात्र गाठच राहिले.

आता जरा सावकाश चालू या, कारण आता मी गणितात शिरते आहे आणि ते माझे क्षेत्र नाही. पण जे समजले त्याने मला इतका आनंद दिला की ते तुमच्यासमोर ठेवल्याशिवाय राहवत नाही.

1867 साली एडिंबरोमध्ये पीटर टेट या शास्त्रज्ञाने आपले मित्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना धुराची वलये दाखवली. वलये एकमेकांवर आदळत, थरथरत, पण मोडत नसत. केल्विनना वाटले, अणू असेच असतील. सर्वत्र भरलेल्या ईथरमधली गाठी पडलेली वलये. वेगळी गाठ, वेगळे मूलद्रव्य. टेट कामाला लागले : जगात गाठी किती? कल्पना चुकीची निघाली. ईथरच नाही असे पुढे ठरले. पण टेटची गाठींची यादी उरली आणि तिच्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली.

गणितातली गाठ म्हणजे काय? दोरीला गाठ मारा आणि तिची दोन टोके जोडून टाका. आता तोडल्याशिवाय ती सुटेल का? हा एकच प्रश्न. टोके मोकळी असतील तर कोणतीही गाठ सुटते. टोके जोडली की प्रश्न खरा होतो. सगळ्यात साधी गाठ तीन ओलांडण्यांची, बेलाच्या पानासारखी तीन दलांची. चार ओलांडण्यांची एकच. पाचांच्या दोन, सहांच्या तीन, सातांच्या सात, आठांच्या एकवीस, नवांच्या एकोणपन्नास, दहांच्या 165. खरे तर कित्येक वर्षे दहांच्या 166 मानल्या जात. 1974 साली केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने दाखवून दिले की यादीतल्या दोन गाठी एकच आहेत. पाऊण शतक तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर त्या शेजारी शेजारी होत्या. दोन गाठी वेगळ्या दिसतात म्हणून त्या वेगळ्या असतात असे नाही, हे गणितातही इतके अवघड आहे.

बेलाच्या पानासारख्या त्या गाठीचे आरशातले प्रतिबिंब घ्या. ते मूळ गाठीसारखे करता येईल का? येत नाही, डावी ती डावी, उजवी ती उजवी. माक्स डेन याने 1914 साली ते सिद्ध केले. 1984 साली न्यूझीलंडचे वॉन जोन्स अगदी वेगळ्याच विषयावर काम करत असताना त्यांच्या हाती एक बहुपदी लागली, जी अशा डाव्या-उजव्या गाठींना सहज वेगळे करते. 1990 साली त्यांना फील्ड्स पदक मिळाले.

पण मला ज्याने झोप लागू दिली नाही ते हे. आपल्या गोव्यात, काणकोण, केपे, सांगे भागात शिगम्याच्या दिवसांत गोफ नाचतात. वर मध्यभागी रंगीत दोऱ्या बांधलेल्या, प्रत्येक नाचणाऱ्याच्या हातात एक. गाण्याच्या तालावर एकमेकांच्या आतून-बाहेरून फिरत सुंदर गोफ विणला जातो. मग गाणे चालूच राहते, पावले उलटी पडू लागतात आणि तोच गोफ फेऱ्याफेऱ्याने उकलत जातो. शेवटी दोऱ्या जशाच्या तशा मोकळ्या. गणित सांगते, प्रत्येक गोफाला उलटा गोफ असतो. एमिल आर्टिन याने 1925 साली त्याचे शास्त्र मांडले. गोव्यातल्या शेतकऱ्यांना ते पायांनी ठाऊक होते.

गाठीचे तसे नाही. एक गाठ मारलेली बंद दोरी घ्या. तिच्यावर अशी दुसरी गाठ मारता येईल का, की दोन्ही मिळून एकमेकींना रद्द करतील आणि दोरी मोकळी होईल? गणिताने सिद्ध केले आहे : येत नाही. कधीच नाही. कुठल्याही गाठीला उलटी गाठ नाही. एका गाठीवर दुसरी मारून पहिली सुटत नाही. श्रोतेहो, मनात गाठी धरणारी आपण माणसे. भावाने एक गाठ धरली म्हणून आपण दुसरी धरतो आणि वाटते की हिशेब मिटेल. हिशेब मिटत नाही, हे आता सिद्धांत म्हणून सिद्ध झाले आहे.

तोडणे हा एक मार्ग उरतो. फ्रिजियातल्या गॉर्डियम नगरात न सुटणारी गाठ होती आणि इसवी सनापूर्वी 333 साली सिकंदराने ती तलवारीने कापली, अशी कथा आहे. लोक याला पराक्रम म्हणतात. मला त्यापेक्षा मोठा पराक्रम माहीत आहे आणि तो या क्षणी तुमच्या प्रत्येकाच्या शरीरात चालू आहे.

आपल्या एका पेशीत साधारण दोन मीटर लांबीचा डीएनए आहे, तोही मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागापेक्षा लहान केंद्रकात. पेशी विभागताना त्याच्या दोन प्रती होतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. तो गुंता सोडवतात टोपोआयसोमरेज नावाची विकरे. जेम्स वांग यांनी 1971 साली त्यातले पहिले शोधले. त्यातले एक विकर काय करते? डीएनएचे दोन्ही धागे कापते, त्या फटीतून दुसरा धागा पार करते आणि कापलेले पुन्हा जसेच्या तसे जोडते. सिकंदराने कापले आणि निघून गेला. हे विकर कापते, वाट देते आणि जोडते. गाठ सुटते, दोरी अखंड राहते.

आता पाहा शब्द कसा वळून येतो. एटोपोसाइड नावाचे औषध आम्ही फुप्फुसाच्या आणि वृषणाच्या काही कर्करोगांत वापरतो. ते काय करते? या विकराला कापू देते, पण जोडू देत नाही. धागे तुटलेले राहतात आणि झपाट्याने वाढणारी पेशी मरते. पेशीच्या आतली गाठ सुटू न देऊन आम्ही शरीरातल्या गाठीवर उपचार करतो.

आणि इथे मी माझ्या शेवटच्या मुद्द्यावर येते, ज्यासाठी मी हा विषय मागून घेतला.

महाराष्ट्राला या शब्दाची भीती का वाटते? कारण 1896 सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ज्या तापाचे निदान केले, तो होता गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग. जांघेत, काखेत, मानेत लसिका ग्रंथी सुजत आणि चार-पाच दिवसांत माणूस जाई. मुंबई रिकामी झाली, मग पुणे. त्या साथीत रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घराघरांत काखा तपासल्या गेल्या, त्या तपासणीतल्या जुलमाचा संताप पुढे पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्या हत्येपर्यंत गेला. गाठ लपवायची असते, दाखवली तर घर उद्ध्वस्त होते, हे तेव्हा लोकांच्या हाडात शिरले. प्लेग गेला. लपवणे राहिले.

शेतकऱ्याला विचारा, गाठ म्हणजे रोगच का? भुईमूग उपटा, तूर उपटा. मुळांवर गाठी दिसतील. त्यांत रायझोबियम जिवाणू असतात, ते हवेतला नत्र पिकाला देतात. ती गाठ म्हणजे जमिनीची कमाई. डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळावरही गाठी असतात. त्या सूत्रकृमीच्या, झाड सुकवणाऱ्या. फरक कसा ओळखायचा? चांगली गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने अलगद सुटते, कापली तर आतून गुलाबी निघते. वाईट गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती वेगळी निघत नाही. शेतकरी गाठ बघून घाबरत नाही आणि दुर्लक्षही करत नाही. तो उपटून बघतो.

आपण शरीराच्या बाबतीत बघत नाही. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, चाळिशीच्या आसपास. स्तनातली गाठ त्यांना चौदा महिन्यांपूर्वी लागली होती. मी विचारले, इतके दिवस का थांबलात? त्या म्हणाल्या, "दुखत नव्हती, बाई. दुखली असती तर आले असते." अडतीस वर्षांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की ते मला झोपेतही ऐकू येते. आणि चूक त्यांची नाही. दुखते तो रोग, हे आपण सगळ्यांनीच त्यांना शिकवले. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हेच तिचे सगळ्यात घातक लक्षण आहे. दुसरी बाजूही तितकीच खरी : स्तनातल्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. म्हणजे दाखवायला आलेल्या बहुतेक जणी सुटकेचा श्वास घेऊनच घरी जातात.

आणि यासाठी मोठी यंत्रेच लागतात असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 साली एक प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, केवळ हाताने तपासणी केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या स्त्रियांमध्ये रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. हातांनी. जाळे विणणाऱ्या, पोथी बांधणाऱ्या, टाके घालणाऱ्या हातांसारख्याच शिकलेल्या हातांनी.

गुरुजींनी त्या दिवशी माझी गाठ चाचपली होती. डोळ्यांनी बघून ती त्यांना कळली नसती, ती पक्की दिसत होती. बोट लावल्यावर त्यांना कळले की ही कुठली.

म्हणून या सभागृहातल्या प्रत्येकाला, आणि विशेषतः मागे बसलेल्या माझ्या मैत्रिणींना, माझी हात जोडून विनंती आहे. स्तनात गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. मानेत, काखेत, जांघेत आलेली गाठ तीन आठवड्यांत विरली नाही तर दाखवा. दुखत नसेल तर आणखी लवकर दाखवा. घरात आई, सासू, आत्या, मावशी असतील तर आज रात्री जेवण झाल्यावर त्यांना विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. माझे वय झाले आहे, मी आता शस्त्रक्रिया करत नाही, पण दर गुरुवारी संध्याकाळी चार ते सहा मी याच ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसते. तिथे तपासणीचे पैसे लागत नाहीत. या.